'काय द्यायचे ते द्या' म्हणणे बंद करा!

मागच्या महिन्यात कंधारच्या कोर्टात आमच्या टेबलासमोर दोन तरुण येऊन उभे राहिले. दोघेही आपल्याच समाजाचे, दोघेही पदवीधर. एकाने नांदेडला, दुसऱ्याने लातूरला स्पर्धा परीक्षेचे क्लास लावून पाहिले. पोलीस भरतीला धावून पाहिले. शेवटी दोघांनी मिळून कर्ज काढले आणि प्रेशरने पाणी मारायचे मशीन घेतले. ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकली धुवायच्या. शिवाय मशीन गाडीवर टाकून लोकांच्या दारात जायचे आणि अंगण, गच्ची, पाण्याची टाकी, कोंबड्यांचे शेड धुऊन द्यायचे, असा हा धंदा. तालुक्यातील एका मंगल कार्यालयाचे तीन हजार चौरस फुटांचे फरशीचे अंगण पावसाळ्यात शेवाळून गेले होते. लग्नसराईच्या आधी ते या दोघांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबून लख्ख करून दिले. मालकाने पंधराशे रुपये हातावर ठेवले. "वकील साहेब, नोटीस पाठवा," असे पोरांचे म्हणणे होते.

आम्ही वकिलाचा पहिला प्रश्न विचारला. ठरले किती होते?

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "ठरलं काहीच नव्हतं, साहेब. ओळखीचे आहेत. त्यांनी किती घेता म्हणून विचारलं, तर काय द्यायचं ते द्या म्हणलो."

काय द्यायचे ते द्या! हे चार शब्द ऐकून आम्हाला पोरांचा राग आला नाही, वाईट वाटले. कारण हे शब्द त्या पोरांचे नाहीत. ते त्यांच्या आज्याचे आहेत, पणज्याचे आहेत. पदवी मिळाली, मशीन आले, बँकेत खाते निघाले, खिशात मोबाईल आला. पण तोंडात शब्द मात्र खळ्यावरचेच राहिले. आज आम्हाला याच चार शब्दांविषयी लिहायचे आहे.

बलुत्यात दर नव्हता

बलुतेदारीचे गोडवे गाणारे लोक आजही आहेत. गावगाड्यात सगळे कसे एकमेकांना धरून होते, असे ते सांगतात. वस्तुस्थिती काय होती? काम ठरलेले होते, ते कोणत्या जातीने करायचे हे ठरलेले होते, न केल्यास शिक्षा काय हेही ठरलेले होते. मोबदला रिवाजाने ठरलेला आहे असे म्हणत, पण सुगीच्या दिवसांत खळ्यावर पदरात किती पडायचे, हे देणाऱ्याच्या मर्जीवर होते. घेणाऱ्याने मोजून मागायचे नाही, पदर पसरायचा. मागितले तर तो माजला! हीच त्या व्यवस्थेची खरी गोम होती. ज्याला आपल्या श्रमाची किंमत सांगता येत नाही, तो कितीही कष्ट करो, तो कामगार ठरत नाही, तो याचक ठरतो.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. वतनदार महाराला दिवसरात्र राबवून घ्यायचे, तो नसेल तर त्याच्या घरच्या माणसाला राबवून घ्यायचे आणि मोबदल्याच्या नावाने तुटपुंजे काहीतरी द्यायचे, या गुलामगिरीवर तो घाव होता. त्या विधेयकात एक मागणी अशी होती की, धान्याच्या रूपाने मिळणाऱ्या बलुत्याचे पैशात रूपांतर व्हावे. ही मागणी वरवर पाहता किरकोळ वाटते. पण पसाभर धान्याच्या जागी रोख आकडा आला की देणाऱ्याची मर्जी संपते आणि घेणाऱ्याचा हक्क सुरू होतो. म्हणूनच त्या विधेयकाला एवढा विरोध झाला आणि ते मागे घ्यावे लागले. मुंबई राज्यात ही वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. इकडे निजामाच्या मुलखात कायदे वेगळे होते, वेठ मात्र तीच होती.

म्हणून आमचे म्हणणे असे की, आपल्या कामाचा दर स्वतः काढणे आणि तो समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगणे, हा केवळ धंद्याचा भाग नाही. बलुत्यातून बाहेर पडण्याची ही शेवटची पायरी आहे आणि ती आपल्यापैकी पुष्कळांनी अजून चढलेली नाही.

पंधराशे रुपयांचा हिशेब

आम्ही त्या पोरांना टेबलाशी बसवले, कागद दिला आणि त्या दिवसाचा खर्च लिहायला लावला. आकडे त्यांचे आहेत. वाचकांपैकी कोणी असा धंदा करीत असेल तर त्याचे आकडे वेगळे असतील. रीत मात्र हीच राहील.

मशीन, पाइप, गन आणि नोझल मिळून खर्च ४८ हजार रुपये. हे मशीन १,२०० तास नीट चालेल असे धरले तर दर तासाला ४० रुपयांचे मशीन झिजते. सील, तेल, नोझल आणि दुरुस्तीचे तासाला २० रुपये. म्हणजे तासाला ६० रुपये. त्या दिवशी मशीन पाच तास चालले, ३०० रुपये झाले. साबण व केमिकल १५० रुपये. मशीन न्यायला-आणायला गाडीचे २५० रुपये. कार्यालयाची बोअर आटलेली, म्हणून पाणी यांनीच नेले, त्याचे ४०० रुपये. बँकेचे व्याज, टपरीचे भाडे, फोन असा महिन्याचा बांधलेला खर्च साडेचार हजार. महिन्यात काम मिळते सरासरी पंधरा दिवस, म्हणजे कामाच्या दर दिवसावर ३०० रुपये. राहिली वीज. ती मालकाच्या मीटरवरून घेतली आणि मालकाने तिचे १०० रुपये आधीच मागून घेतले होते. पाहा कसे असते! मालकाला आपल्या विजेचा भाव ठाऊक होता, पोरांना आपल्या घामाचा भाव ठाऊक नव्हता.

बेरीज करा. तीनशे, दीडशे, अडीचशे, चारशे, तीनशे आणि शंभर. बरोबर पंधराशे रुपये होतात.

म्हणजे मालकाने दिलेले पंधराशे रुपये मशीन, पाणी, गाडी, साबण, वीज आणि बँक यांच्यात वाटले गेले. या दोन पदवीधर तरुणांची त्या दिवसाची मजुरी किती झाली? शून्य! गवंड्याच्या हाताखाली गेले असते तर माणशी सहाशे रुपये घेऊन घरी आले असते. स्वतःच्या धंद्याचे मालक होऊन ते दिवसभर वेठीला राबले आणि वर कर्जही त्यांच्याच डोक्यावर. पोरांना वाटत होते की पैसे कमी मिळाले. प्रत्यक्षात त्यांच्या हाताला काहीच मिळाले नव्हते. पंधराशेच्या नोटा खिशात होत्या म्हणून ते दिसले नाही, एवढेच.

आता दर कसा निघायला हवा होता? वरच्या पंधराशेत दोघांची मजुरी १,२०० रुपये मिळवा. २,७०० रुपये झाले. हा झाला निव्वळ खर्च. यात नफा नाही. पाइप फुटला, पाऊस आला, फरशीचा तुकडा उडाला, काम अर्ध्या दिवसाने लांबले, पैसे दोन महिने अडकले, तर सोसायला काहीतरी हवे. उद्या मोठे मशीन घ्यायचे तर चार पैसे मागे पडले पाहिजेत. त्यासाठी वीस टक्के, म्हणजे ५४० रुपये धरा. एकूण ३,२४० रुपये. चौरस फुटाला एक रुपया आठ पैसे. हा त्या अंगणाचा दर होता. मालकाने त्याच्या निम्म्याहूनही कमी दिले आणि पोरांनी ते घेतले, कारण त्यांच्याजवळ दुसरा आकडाच नव्हता. ज्याच्याजवळ आकडा नसतो, त्याला समोरच्याचा आकडा घ्यावा लागतो.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पुष्कळ तरुण मशीनची झीजही धरतात आणि बँकेचा पूर्ण हप्ताही धरतात. तसे केल्यास मशीनची किंमत दोनदा लागते आणि दर उगाच फुगतो. झीज धरली असेल तर हप्त्यातले फक्त व्याज धरावे. दर कमी सांगणे जसे चूक, तसा फुगवून सांगणेही चूक. आपला आकडा असा असावा की कोणी विचारले तर ओळीनओळ समजावून सांगता आली पाहिजे.

आधी मोजा, मग बोला

या धंद्यात फोनवर भाव सांगू नये. जागेवर जावे, टेप लावावी. फरशी शहाबादी आहे की टाइल, सिमेंटचा कोबा आहे की जुन्या चुन्याचे काम, हे पाहावे. कारण बारीक धारेचे नोझल जवळून मारले तर चुना निघतो, रंगाचे पापुद्रे उडतात, जुन्या विटेला खड्डा पडतो. विजेचा बोर्ड कुठे आहे, पाणी कोठून घ्यायचे, घाण पाणी कोठे जाणार, शेजाऱ्याच्या दारात तर नाही ना, हे पाहावे. आधीच फुटलेल्या फरशीचे मालकासमोर फोटो घ्यावेत, नाहीतर ती तुम्हीच फोडली असे होते. मग दहा फूट बाय दहा फूट जागा धुऊन पाहावी आणि घड्याळ लावावे. शंभर चौरस फुटांना दहा मिनिटे लागली तर तीन हजारांना तीनशे मिनिटे, म्हणजे पाच तास. जाणे-येणे, पाइप पसरणे, गोळा करणे, झाडून काढणे यांचे तीन तास वेगळे. मशीन पाच तास चालते, पण माणूस आठ तास राबतो आणि मजुरी आठ तासांची धरायची असते.

आठ तासांची गोष्ट निघाली म्हणून आठवण द्यावीशी वाटते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. कामगाराच्या वेळेला मोल आहे, हे कायद्यात लिहून घेण्यासाठी एवढा झगडा झाला. आणि आम्ही स्वतःचे मालक झालो की स्वतःचेच तास मोजत नाही! एक वही ठेवा. प्रत्येक कामाचे अंदाजे तास आणि प्रत्यक्ष लागलेले तास समोरासमोर लिहा. दहा-पंधरा कामे झाली की अंदाज कुठे चुकतो ते वहीच सांगेल.

सूट मागणारे पावलोपावली भेटतील. "दहा टक्के कमी करा की!" ऐकायला ही मागणी फार मोठी वाटत नाही. पण हिशेब करा. ३,२४० चे दहा टक्के म्हणजे ३२४ रुपये. मजुरी, पाणी, गाडी यातले काहीच कमी होत नाही. ते ३२४ सगळे नफ्यातून जातात आणि नफा होता ५४०. दहा टक्के सूट दिली की साठ टक्के नफा गेला. गिऱ्हाइकाजवळ पैसे कमी असतील तर काम कमी करावे. "मागची बाजू सोडतो, तेवढे कमी द्या," असे म्हणावे. काम कमी करून पैसे कमी घेणे हा व्यवहार झाला. काम तेवढेच करून पैसे सोडणे म्हणजे पुन्हा बलुते.

पाण्याचा हिशेब

मराठवाड्यात पाण्यावर धंदा करणाऱ्याने पाण्याचा विचार सगळ्यात आधी केला पाहिजे. मिनिटाला आठ लिटर पाणी मारणारे मशीन पाच तासांत २,४०० लिटर पाणी वापरते. उघड्या पाइपाने तेवढेच अंगण धुतले तर पाणी याहून कितीतरी जास्त लागेल, हे खरे. तरीही हा आकडा लहान नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांना प्यायला पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, तेव्हा लोक ते पाहायला जमले होते. हे विसरून चालणार नाही. पाणी कोण देणार, हे दर सांगतानाच ठरवावे. आपण द्यायचे असेल तर टँकरचा त्या दिवसाचा भाव धरावा. तो पौषात एक असतो आणि वैशाखात दुसरा. वस्तीवर प्यायला पाणी नसताना कोणाची गच्ची धुवायचे काम आले तर ते नाकारावे, असे आम्ही स्पष्ट सांगतो. १९२७ साली ज्यांच्या नेत्याने ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला, त्यांनी पाण्याचा धंदा करताना एवढे भान ठेवलेच पाहिजे. म्हणूनच उन्हाळ्यात काम कमी होणार हे धरून वर्षाचे गणित मांडावे. महिन्याचे तीस दिवस काम मिळेल असे धरून जो दर काढतो, तो पहिल्याच उन्हाळ्यात मशीन विकतो.

कागद करा

आता वकील म्हणून चार शब्द. तोंडी करारही कायद्याने करारच असतो. एवढेच नव्हे, दर ठरलेला नसला तरी १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७० असे आहे की, फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्या दुसऱ्यावर भरपाईची जबाबदारी येते. म्हणजे त्या पोरांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. केलेल्या कामाच्या पैशासाठी साधारण तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो. पण दोन हजारांसाठी कोर्टाच्या किती तारखा करणार? कलम ७० हा शेवटचा आधार आहे, त्याच्या भरवशावर धंदा करता येत नाही.

त्यापेक्षा एक पानाचा कागद करा. कोणती जागा, किती चौरस फूट, काय धुणार आणि काय धुणार नाही, पाणी-वीज कोणाची, एकूण रक्कम, इसार किती, बाकी केव्हा. खाली दोघांच्या सह्या. इसार घेतल्याशिवाय मशीन गाडीवर चढवू नका. आपल्या भागातील लोकांना उचल म्हणजे काय हे सांगायला नको. कंधार, मुखेड, लोहा या पट्ट्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे उचल घेतात आणि हंगामभर मुकादमाला बांधली जातात. उचल घेणारा स्वतः बांधला जातो. इसार देणारा समोरचा बांधला जातो. दोन्हीतही पैसे आधीच हातात येतात, पण फरक जमीन-अस्मानाचा आहे.

दुसरे, उद्यम नोंदणी करून घ्या. ती ऑनलाइन होते आणि फुकट होते. दलालाला पैसे देऊ नका. ही नोंदणी काम घेण्याआधी झालेली असावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत लहान उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या खरेदीत चार टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घेण्याचे धोरण आहे. पण कागद नसलेल्या माणसाला त्या दारातून आत जाता येत नाही. भांडवलासाठी मुद्रा कर्ज आहे, १९७८ पासूनचे महात्मा फुले महामंडळ आहे, मातंग बांधवांसाठी अण्णाभाऊ साठे महामंडळ आहे. तिथे चकरा माराव्या लागतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण चकरा मारून मिळवलेले कर्ज 'काय द्यायचे ते द्या' म्हणून घालवायचे असेल तर त्या चकरा वाया गेल्या.

आणि टपरीसमोर दराची पाटी लावा. मोटारसायकल इतके, जीप इतके, ट्रॅक्टर इतके. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाड्यांची रांग लागते, तेव्हा त्या पाटीचा उपयोग कळतो. पाटलाच्या ट्रॅक्टरला एक दर आणि मजुराच्या मोटारसायकलीला दुसरी वागणूक, असे तिथे चालत नाही. घटना देताना बाबासाहेबांनी आपल्याला प्रत्येक माणसाच्या मताला सारखे मूल्य दिले. त्या मूल्याचे लहानसे रूप म्हणजे ती पाटी.

घाण, मशीन आणि जात

आमच्या काही कार्यकर्त्यांना हा विषयच रुचणार नाही. ते म्हणतील, बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडायला सांगितली आणि तुम्ही पोरांना धुण्या-पुसण्याच्या कामाचे दर शिकवता! आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर दिले पाहिजे.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिसंस्थेवर केलेल्या विवेचनात दाखवून दिले की, जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे. दोष झाडूत नव्हता. झाडू जन्माने हातात येत होता, नाही म्हणायची सोय नव्हती आणि त्याचा दर नव्हता, हा दोष होता. स्वतः निवडलेला धंदा, स्वतःचे मशीन, स्वतःचा दर आणि नाही म्हणायचा हक्क या चार गोष्टी असतील, तर फरशी धुणे आणि वकिली करणे यात आम्ही फरक मानत नाही. पण यातली एक जरी गळाली तर मशीन असूनही ते जुनेच काम होते. गाड्या धुवायला गाव दुसऱ्याला बोलावते आणि संडास-गटार धुवायला मात्र आपल्याच पोराला बोलावते, असे होत असेल तर ते ओळखा. मशीनने जात धुऊन निघत नाही.

आणि एका कामाला कोणताही दर लावू नका. "मशीन आहेच तर तेवढी संडासाची टाकीही उतरून साफ करून द्या, वेगळे पैसे देतो," असे सांगणारे भेटतील. उतरू नका! त्या टाकीतला वायू दोन मिनिटांत माणूस मारतो आणि वाचवायला उतरलेल्या दुसऱ्यालाही मारतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. पण भरपाई घरच्यांना मिळते, उतरणाऱ्याला नाही. प्रत्येक अंदाजपत्रकात पहिल्या ओळीला लिहा: टाकीत, गटारात माणूस उतरणार नाही.

आपल्या घरातली वेठ

दुसऱ्यांना बोलून झाले, आता स्वतःकडे पाहू. पोरांचे फुकट काम सगळ्यात जास्त कोण करून घेते? आपणच! जयंती आली की पुतळ्याचा परिसर धुवायला याच पोरांचे मशीन. बुद्धपौर्णिमेला विहार धुवायला हेच मशीन. अधिवेशन असले की मैदान, शामियान्याच्या खुर्च्या, पाहुण्यांच्या गाड्या. "समाजाचं काम आहे, पैसे काय मागता!" आम्ही स्वतः हे केले आहे. गेल्या जयंतीला याच दोघांकडून आम्ही दोन दिवस काम करून घेतले, शेवटी स्टेजवर बोलावून हार घातला आणि फोटो काढला. त्या दोन दिवसांचा त्यांचा खर्च वरच्या हिशेबाने किती झाला असेल, हे कागद समोर आला तेव्हा आम्हाला कळले. लाज वाटली.

दान देणे आपल्या धम्मात आहेच. पण दान देणाऱ्याने स्वतःच्या इच्छेने द्यायचे असते आणि काय दिले हे त्याला माहीत असायला हवे. म्हणून आमची सूचना अशी की, विहाराच्या किंवा जयंतीच्या कामाचेही पूर्ण अंदाजपत्रक द्यावे. समितीने पाणी, गाडी, साबण यांचा खर्च रोख द्यावा. मजुरी सोडायची असेल तर पोरांनी ती दान म्हणून लिहून सोडावी आणि समितीने तेवढ्या रकमेची पावती त्यांच्या नावाने फाडावी. पाच हजार रोख देणाऱ्या पुढाऱ्याचे नाव फलकावर येते. पाच हजारांचे काम देणाऱ्या पोराचे नावही तिथेच आले पाहिजे. चळवळीतच श्रमाला दर नसेल तर बाहेरच्यांना आम्ही कोणत्या तोंडाने जाब विचारणार?

वेठीविषयी घटनेचे कलम २३ स्पष्ट आहे. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे हीदेखील वेठच आहे. कारण पोटाची भूक हीसुद्धा सक्तीच असते. स्वतःचा धंदा करणाऱ्याला हा निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. त्याला वेठीला धरणारा मुकादम कोणी नसतो. त्याचा मुकादम त्याच्या स्वतःच्या संकोचात बसलेला असतो आणि तो संकोच शेकडो वर्षांच्या मारातून आलेला आहे. तो काढायला कोर्ट येणार नाही, तो आपला आपणच काढायचा आहे.

हिशेब पाहिल्यावर त्या पोरांनी नोटीस नको म्हटले. "चूक आमचीच आहे, साहेब." आम्ही म्हटले, अर्धीच तुमची. जाताना ते कोरा अंदाजपत्रकाचा नमुना घेऊन गेले. परवा पुन्हा आले होते. चार ठिकाणी टेप लावून, लिहून आकडा दिला. तीन ठिकाणी नकार आला; एकाने तर "तुम्ही लोक कधीपासून भाव सांगायला लागलात?" असेही विचारले. चौथ्याने दोनदा वाचले, मागची गच्ची वगळायला सांगितली, तेवढी रक्कम कमी झाली, इसार दिला आणि सही केली.

तीन नकार मिळाले म्हणून पोरे जरा खट्टू होती. आम्ही त्यांना सांगितले, त्या तीन दिवशी तुम्ही घरी बसलात, पण वेठीला राबला नाहीत. आणि "कधीपासून" विचारणाऱ्याला आमच्यातर्फे सांगा, आजपासून.

जयभीम!